न बघता काढलेला चेहरा

आमच्या कॉलनीत शिमग्याला रागवायची बंदी आहे. एरवी वर्षभर कुणी कुणावर कितीही रागवावं. नळाच्या पाण्यावरून, गाडी लावण्यावरून, कुत्र्याच्या भुंकण्यावरून आम्ही मनापासून भांडतो. पण धुळवडीपासून रंगपंचमीपर्यंतचे पाच दिवस नाही. हा नियम मोडणाऱ्याला शिक्षाही ठरलेली आहे : त्यानं अख्ख्या कॉलनीला कांदाभजी घालायची, आणि तळताना त्याच्या मदतीला कुणी जायचं नाही.

ही बंदी लागते ती माझ्यामुळे. मी जवळच्या एका गावातल्या हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर आहे. राहुरीत घर बांधून राहायला आलो त्या वर्षी गेटजवळच्या लांब भिंतीला नुकताच चुना मारला होता आणि होळीच्या दिवशी मला काही काम नव्हतं. घरातली काव, नीळ, हळद आणि काजळी पाण्यात कालवून मी शेजारच्या चार जणांची चेष्टेची चित्रं भिंतीवर काढली. लोकांना ती आवडली. तेव्हापासून तो रिवाजच झाला. दरवर्षी होळीच्या दुपारी मी स्टूल घेऊन भिंतीशी बसतो आणि प्रत्येक घरातल्या एकाला तरी भिंतीवर चढवतो. रंगात डिंक घालायचा नाही, म्हणजे धुऊन जातो. रंगपंचमीच्या सकाळी ज्याचं त्यानं तांब्याभर पाणी मारून आपलं चित्र धुवायचं. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. सगळी भिंत धुऊन झाली की मगच रंग खेळायला सुरुवात.

या भिंतीवर असणं हा मोठा मान आहे. नव्या बिऱ्हाडाला पहिल्या वर्षी आम्ही काढत नाही. दुसऱ्या वर्षी काढलं की ते घर आमचं झालं. एका बँकवाल्या साहेबांना दुसऱ्या वर्षी मी नजरचुकीनं वगळलं, तर त्यांच्या बायकोनं आमच्या घरचं हळदीकुंकू चुकवलं होतं. मी स्वतःला दरवर्षी भोपळा काढतो. त्यावर आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की भोपळ्याला तुमच्यापेक्षा बरी मान असते.

तर त्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू दुसऱ्या वर्षात आले होते.

ते इथल्या कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन करत होते. त्यांची डॉक्टरेट व्हायची होती, पण कॉलनीनं त्यांना आधीच डॉक्टर करून टाकलं होतं. ते इथिओपियाचे. मी मात्र पहिले आठ महिने ते 'आफ्रिकेचे' असंच सगळ्यांना सांगत होतो, जणू तो एक तालुका आहे. ते मला सर म्हणत, हिला काकू. हिच्या हातची भाकरी आणि ठेचा ते माझ्यापेक्षा जास्त खात आणि माझ्यापेक्षा कमी घाम गाळत. ते बोलत ते हिंदी, इंग्रजी आणि हिनं शिकवलेलं मराठी एकत्र कालवून. मी ते इथं सरळ मराठीत लिहितो.

होळीच्या त्या दुपारी त्यांचं चित्र मी सगळ्यात शेवटी काढलं. पाठ भरून आली होती, हळद संपली होती, उरली होती ती काजळी आणि थोडी काव. हात आपोआप चालला. लहानपणी दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांत एक कढई असायची, कढईत टोपीवाला साहेब, आणि भोवती नाचणारी माणसं. तीच कमरेची गवताची झालर माझ्या हातातून उतरली, तेच केसात खोवलेलं हाड, तेच या कानापासून त्या कानापर्यंतचे लाल ओठ. हातात भाला दिला. आणि भाल्याच्या टोकाला, आपली कल्पकता म्हणून, एक भाकरी टोचली.

त्या भाकरीवर मी फार खूश होतो. मला वाटलं, झालं, डॉक्टर आता आमचे झाले.

होळी पेटवायला जमलेली माणसं पोट धरून हसली. आमचे अध्यक्ष तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, औंदा कडी केली तुमी." अध्यक्षांचा कॉलनीच्या कडेला म्हशींचा गोठा आहे आणि कॉलनीच्या कारभाराचाही गोठा त्यांच्याच ताब्यात आहे. डॉक्टर त्या दिवशी विद्यापीठाच्या प्लॉटवर नमुने घेत होते. ते उशिरा आले आणि मागच्या जिन्यानं वर गेले.

धुळवडीच्या सकाळी ते दुधाला खाली उतरले तेव्हा मी व्हरांड्यात चहा घेऊन बसलो होतो. खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत बसलो होतो. ते गेटकडे गेले. परत यायला फार वेळ लागला. आले ते दुधाची पिशवी तशीच हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"सर, भिंतीवर तो शेवटचा माणूस कोण आहे?"

"ओळखलं नाहीत?" मी हसत म्हटलं. "अहो, तुम्ही!"

ते हसले नाहीत. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "भाल्यावर भाकरी आहे बघा."

"भाकरी ओळखली," ते म्हणाले.

पिशवीतून दुधाचा थेंब फरशीवर पडला. तो त्यांनी बघितला, मीही बघितला.

"शनिवारी माझी बायको आणि मुलगी येतायत," ते म्हणाले. हे मला ठाऊक होतं. हिनं त्यांच्यासाठी गाद्यांना ऊन दाखवलं होतं. मुलगी सहा वर्षांची. तिला त्यांनी दीड वर्ष फक्त मोबाईलच्या काचेतून बघितलं होतं. "तिनं मला रोज विचारलंय, तुझं घर कसं आहे, तिथली माणसं कशी आहेत. ती त्या भिंतीसमोरून आत येणार. त्याच्या आत ते तिथून जाऊ द्या, सर."

रंगपंचमी होती रविवारी. म्हणजे प्रश्न एका दिवसाचा होता. मी म्हटलं, "बघतो." हा शब्द मी आयुष्यभर जिथं जिथं वापरलाय, तिथं तिथं काहीच बघितलेलं नाही.

ते वर गेले आणि मला राग आला. ज्याच्यामुळे बंदी लागली त्यालाच पहिला आला. आत जाऊन हिला म्हटलं, "दीड वर्ष आपलं माणूस म्हणून ठेवलं, आणि एका चित्रानं एवढं? मी स्वतःला भोपळा नाही काढत?"

ही पोह्यांसाठी मिरच्या चिरत होती. म्हणाली, "काल मी चहा घेऊन भिंतीशी आले होते ना, तेव्हा मला वाटलं तुम्ही एखादा राक्षस काढताय. नजर लागू नये म्हणून नव्या घरावर टांगतात तसला."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नाही ओळखलं. रोज त्यांना जेवायला वाढते मी." आणि तिनं सुरी अशी ठेवली, की मी परत व्हरांड्यात जाऊन बसलो.

गुरुवारी संध्याकाळी अध्यक्षांच्या ओट्यावर बैठक बसली. मी आधी एकट्यानं जाऊन अध्यक्षांच्या कानावर घालणार होतो, पण डॉक्टर स्वतःच निघाले. कॉलनीतले दहाबारा जण होते. म्हशींच्या धारा नुकत्याच झाल्या होत्या. डॉक्टरांना खुर्ची दिली, चहा दिला. सगळे त्यांच्याशी इतकं गोड बोलत होते की मला भीती वाटायला लागली.

अध्यक्षांनीच सुरुवात केली. "डॉक्टर, तुमी रागावला असं कळलं. म्हंजी भजी लागू!"

सगळे हसले. डॉक्टरांनी हसणं संपू दिलं आणि ते म्हणाले, "भजी मी करीन. सगळ्यांना पुरतील एवढी करीन. चित्र पुसा."



"तसं न्हाई ना करता येत," अध्यक्ष म्हणाले. "आज तुमचं पुसलं, उद्या दुसरा म्हनंल माजं पुसा. शिमगा हाय. मागल्या साली ह्या मास्तरनं मला रेडा केला हुता. घोडेगावच्या बाजारात दावणीला बांधलेला, गळ्यात पाटी, 'अध्यक्ष'. लई झोंबलं मला. पर हसलोच का न्हाई?"

"हसलात," डॉक्टर म्हणाले. "मी तेव्हा नवा होतो, तुमच्या शेजारीच उभा होतो. सर, तुम्ही यांना रेडा का काढलं होतं?"

कारण सगळ्यांना माहीत होतं. बैठकीत अध्यक्ष दुसऱ्या कुणाला बोलू देत नाहीत, म्हणून.

"ते... यांचा स्वभाव जरा..." मी म्हटलं.

"हां," डॉक्टर म्हणाले. "यांनी काहीतरी केलं होतं. कोपऱ्यावरच्या घरातल्या वहिनी कोंबडी झाल्या, कारण त्या पहाटे पाचला सगळ्यांना उठवतात. सर भोपळा झाले, कारण..." माझ्या पोटाकडे बघून त्यांनी शिष्टाचारानं वाक्य सोडून दिलं. "मी काय केलं होतं? दीड वर्षात मी इथं कुठे भाला घेऊन फिरलो? मी वाईट मराठी बोलतो, ते काढायचं. मी सारखा मातीच्या पिशव्या घेऊन हिंडतो, ते काढायचं. मी खूप हसलो असतो."

एकजण म्हणाला, "पण डॉक्टर, मनात तसं काही नव्हतं सरांच्या."

"नसेल," ते म्हणाले. "पण ऐका. मागच्या वर्षी शिमगा संपला आणि हे परत अध्यक्ष झाले. यांना रस्त्यात कुणी रेडा म्हटलं नाही. मी स्टँडवर गेलो, की पोरं मागून येतात, भिंतीवर जो आहे त्याच्यासारखं नाचून दाखवतात, तोंडानं आवाज काढतात. माझं शिमग्याचं चित्र वर्षभर चालतं, अध्यक्ष."

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. हे त्यांना नवं होतं. मलाही. स्टँडवरचं डॉक्टरांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

पण कॉलनी एकदा अडली की अडली. नियम म्हणजे नियम, असा सूर निघाला. एका शेजाऱ्यानं मधला मार्ग काढला, शनिवारी त्यावर पोतं टांगू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ते डोलावणं अजून माझ्या मानेत दुखतं.

डॉक्टर उठले. "माझी मुलगी सहा वर्षांची आहे," ते म्हणाले. "सहा वर्षांचं मूल पोतं दिसलं तर आधी काय करतं?"

मग त्यांनी माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात सांगितलं, "शनिवारी मी त्यांना विमानतळावरून आणणार. चित्र असेल तर आम्ही इथं येणार नाही. नगरला लॉज बघून ठेवलाय. आणि महिनाअखेर मी खोली सोडेन, सर." खुर्ची जागेवर सरकवून ते गेले. चहा तसाच राहिला होता, त्यावर साय धरली होती.

शुक्रवारी मी घरातच थांबलो, पोट बिघडल्याचा निरोप शाळेत धाडून. मला एक युक्ती सुचली होती. चित्र पुसायचं नाही, म्हणजे नियम मोडत नाही. त्याच्यावरच डॉक्टरांचं खरं चित्र काढायचं. मातीच्या पिशव्या, ज्वारीचं कणीस, सगळं. अध्यक्षही खूश, डॉक्टरही खूश, आणि मास्तरांच्या कलेची वाहवा. मी कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि चेहऱ्याचा लंबगोल काढला.

पुढे काही येईना.

नाक कसं होतं? मला आठवलं ते भिंतीवरचं नाक. कान? केस बारीक होते की वाढलेले? मी त्या माणसासमोर शंभर वेळा तरी जेवायला बसलो असेन. मी हिला हाक मारली. "अगं, डॉक्टर चष्मा लावतात का?"

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"म्हणजे, लावतात ना?"

परत भांडी वाजायला लागली, आधीपेक्षा जोरात.

वर्गात वस्तुचित्राच्या तासाला मी टेबलावर पेरू ठेवतो आणि ओरडत फिरतो, आधी बघा, मग काढा. एका मुलीनं एकदा समोरच्या पेरूकडे न बघता पुस्तकातल्यासारखा गुळगुळीत, दोन पानांचा पेरू काढला होता. समोरच्या पेरूला डाग होता आणि पान एकही नव्हतं. मी तिला दहापैकी दोन दिले होते, आणि वर्गासमोर बोललोही होतो. त्या हिशेबानं मला आता किती द्यायचे ते मी कागदावर लिहिलं नाही, पण मनात लिहिलं.

साडेदहाला जिन्यावर पावलं वाजली. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदा बघितलं. डॉक्टर चष्मा लावतात. त्याची डावी काडी मोडलेली, तांब्याच्या बारीक तारेनं बांधलेली. हनुवटीवर दाढीत रुपयाएवढा पांढरा ठिपका. उजव्या भुवईत जुन्या जखमेची खाच. नाक सरळ, लांब. आणि ओठ पातळ होते. आमच्या कॉलनीत सगळ्यात जाड ओठ आहेत अध्यक्षांचे, आणि ते मी रेडा काढतानासुद्धा आदरानं बारीक काढले होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमचे ओठ तर पातळ आहेत."

ते पायरीवर थांबले. इतका वेळ माझ्याकडे बघत राहिले, की आपण पुन्हा काहीतरी भयंकर बोललो हे मला कळलं, फक्त काय ते कळेना.

"जाड असते तर?" त्यांनी विचारलं.

मी हातातली पेन्सिल खिशात घातली.

"माझ्या धाकट्या भावाचे ओठ जाड आहेत, सर. तो शाळेत गणित शिकवतो. भिंतीवरचा माणूस तोही नाही." मग ते म्हणाले, "मला नाही माहीत तो कोण आहे. तो तुमच्याकडूनच आलाय." आणि गेले.

मी आत येऊन तो लंबगोल फाडला.

शनिवारी सकाळी नऊला ते भाड्याची गाडी घेऊन शिर्डीच्या विमानतळाकडे निघाले. त्यांनी निळा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. ही त्यांच्याबरोबर डब्यात लाडू देत होती. मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावून बघत होतो, ज्यात बघण्यासारखं काही नव्हतं. गेटमधून बाहेर पडताना त्यांची गाडी हळू झाली. भिंतीवर तो होता. गाडी पुढे गेली.

मग मी काय केलं, तर आभाळाकडे बघितलं. मार्चमध्ये कधीकधी अवकाळी येतो. तो आला असता तर रिवाजही वाचला असता, डॉक्टरही, आणि मुख्य म्हणजे मी. आभाळात कापसाच्या बोंडाएवढा ढग नव्हता. बारा वाजले. एक वाजला. मी जेवलो, आणि जेवण घशाखाली उतरत होतं याचीसुद्धा मला लाज वाटली.

दीडला हिचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"काकू, आम्ही कोल्हारच्या पुलावर आहोत," डॉक्टर म्हणाले. मागे एका लहान मुलीचा आवाज येत होता, ती नदी बघून काहीतरी एकसारखं विचारत होती. "भिंत?"

एवढंच. भिंत. हिनं माझ्याकडे बघितलं. कोल्हार ते राहुरी, रस्ता मोकळा असला तर अर्धा तास.

"येऊ द्या त्यांना," मी म्हटलं. "सरळ घरी या म्हणावं."

बादली घेतली, घासायचा काथ्याचा कुंचा घेतला आणि पायात चपला न घालताच निघालो. भिंतीशी पोचलो तर अध्यक्ष गेटच्या सावलीत खाटेवर. बहुतेक राखणीलाच बसले होते.

"मास्तर, काय चाललंय?"

"पुसतोय."

ते उठून माझ्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले. माणूस आडवा आहे, भिंत बरीचशी झाकली गेली. "नियम कुनाचा? तुमचाच ना? ज्याचं चित्र त्यानंच धुवायचं. डॉक्टरचं तुमी कसं धुता?"

"ते डॉक्टरांचं नाहीये."

"मग कुनाचं?"

"माझं," मी म्हटलं. "बघा त्याच्याकडे नीट. चष्मा आहे? दाढी आहे? डॉक्टरांचं यात काय आहे? भाकरी सोडली तर काहीच नाही, आणि ती भाकरीही आमच्या हिची. हे सगळं माझ्या डोक्यातून आलंय. माझं चित्र आहे, मी धुतो."

अध्यक्षांनी वळून चित्राकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघत असावेत, कारण त्यांना वेळ लागला. "अन् त्यो भोपळा?" ते शेवटी म्हणाले.

"तो उद्या धुतो. या वर्षी माझी दोन आहेत."

"नेम मोडल्याची भजी पडत्याल."

"पडू द्या."

ते बाजूला झाले नाहीत, पण मी बगलेतून घुसून पाणी मारलं तेव्हा त्यांनी अडवलंही नाही. आणि मग जे व्हायचं ते झालं. काव वाहून गेली, लाल ओठ वाहून गेले, पण काजळीला तेलाचा अंश असतो, आणि एवढी जाड थापलेली ती पाण्यानं जाईना. मी घासलं तशी ती पसरली. बघता बघता एका माणसाएवढं चित्र दोन माणसांएवढा काळा ढग झालं, आणि त्यात डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं उरली. आधीपेक्षा भयानक. माझे हात कोपरापर्यंत काळे. दोन वाजायला आले होते. मी रडकुंडीला येऊन घासत होतो, आणि तो माझ्याकडे बघत होता.

"लई घान केलीत, मास्तर," अध्यक्ष म्हणाले आणि तरातरा रस्त्याकडे निघून गेले.

तेवढ्यात ही आली. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात दोन कुंचे. घराच्या मागच्या भिंतीसाठी कालवून ठेवलेला चुना तो. तिनं मला बाजूला सारलं आणि डोळ्यांपासून सुरुवात केली. ओल्या भिंतीवर चुना धरत नव्हता. एक हात, दोन हात. मी दुसऱ्या कुंच्यानं खालून लागलो. कोपऱ्यावरून गाडीचा हॉर्न आला. पण गाडी वळून आत आली नाही. मी मान वर करून बघितलं, तर कोपऱ्यावर अध्यक्ष गाडीच्या पुढ्यात उभे राहून हातवारे करत होते. मनात आलं, संपलं, हा माणूस आता पाहुण्यांशी भांडणार.

तिसरा हात मारून होईपर्यंत गाडी तिथंच होती. दहा मिनिटं असतील. भिंतीवर आता ओला, राखाडी झाक असलेला एक चौकोन होता. चेहरा नव्हता.

गाडी गेटमध्ये आली तेव्हा डॉक्टरांनी आधी तो चौकोन बघितला, मग माझे हात. मुलगी त्यांच्या मांडीवर होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये, केसांच्या बारीक वेण्या. तिनं माझ्या हातांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. डॉक्टरांनी तिला एका शब्दात उत्तर दिलं. तो कोणता, ते मी आजवर विचारलेलं नाही. ही पुढे झाली, पदराला चुन्याचे हात पुसून तिनं मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांना आत नेलं. डॉक्टर मागे राहिले.

"चूक झाली माझी," मी म्हटलं. त्याहून मोठं वाक्य तयार केलं होतं, ते आलंच नाही.

"हो," ते म्हणाले. सामान उचलून जिना चढून गेले.

अध्यक्षांना मी संध्याकाळी विचारलं, गाडी का अडवली होती. ते म्हशीला पेंड घालत होते. "मी कशाला आडवीन? पोरीला रेडकू दावलं. परवाच म्हस व्यालीय. लई हसली पोरगी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भजीला कांदा बारीक चिरा. मागं एकानं जाड चिरला हुता."

भजी मी एकट्यानं तळली, रंगपंचमीला, सगळ्या कॉलनीसमोर. निम्मी करपली. मदतीला कुणी आलं नाही, नियमच आहे. डॉक्टर सहकुटुंब खाली आले होते. मुलीनं अध्यक्षांच्या नाकाला रंग लावला. डॉक्टरांनी दोन भजी खाल्ली. खोली सोडण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारायचा धीर केला नाही. महिना संपला आणि ते होतेच. एवढ्यावरून काय ते मी समजलो.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी मी जिना चढून वर गेलो. म्हटलं, "डॉक्टर, यंदा समोर बसून, बघून काढतो. चष्म्याची तारसुद्धा काढतो."

"नको, सर," ते म्हणाले. रागानं नाही. चहा विचारल्यावर नको म्हणावं तसं. "मला नका काढू."

मी खाली आलो. होळीच्या दुपारी सगळ्यांना काढलं. अध्यक्षांनी त्या वर्षी स्वतःहून सांगितलं, रेडाच काढा, पर ओठ हायती तसे काढा. तसे काढले, आणि अध्यक्ष दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीच्या शेवटी मी तेवढी जागा मोकळी सोडली. कुणीतरी विचारलं, हे काय राहिलं? मी म्हटलं, डॉक्टरांचं.

रंगपंचमीच्या सकाळी आम्ही सगळे तांबे घेऊन भिंतीशी उभे होतो. रेडा गेला, कोंबडी गेली, भोपळा गेला. सगळ्यांचं झालं होतं, पण रंगाला कुणी हात घातला नाही. जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर खाली आले, हातात हिचाच तांब्या. ते रांगेतून पुढे गेले, त्या मोकळ्या जागेसमोर उभे राहिले आणि कोऱ्या चुन्यावर त्यांनी तांब्याभर पाणी मारलं. चुन्याखालून जुन्या काजळीची झाक उमटली, अजून जात नाही ती. तिच्याकडे ते क्षणभर बघत राहिले. मग मागे वळून त्यांनी माझ्या टकलावर मूठभर गुलाबी रंग ओतला.